‘नाही’ म्हणणारा कोण?



स्मृतिव्याख्यानाला येणारा श्रोता मोठ्या विषयाच्या तयारीने येतो. लोकशाहीचे काय होणार, मराठीचे काय होणार, निदान पावसाचे तरी काय होणार. मी एका ओळीवर बोलणार आहे. ती युनिक्स सर्व्हरच्या पडद्यावर उमटते आणि सांगते, की मेमरी देता येत नाही. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फार सभ्यपणे विचारले, की हे प्रशिक्षणवर्गात जास्त शोभणार नाही का? शोभेल. पण बँकेचा व्यवहार, इस्पितळातला तपासणीचा अहवाल, आपल्या हातातला अँड्रॉइड फोन, या सगळ्यांच्या मागे कुठेतरी युनिक्स किंवा त्याच्या कुळातले लिनक्स चालू असते. ते अडते तेव्हा खिडकीपलीकडून ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच ऐकू येते. त्या वाक्याच्या आत काय असते, हे एकदा पाहायला हरकत नाही. शिवाय सभागृहात हिंजवडीला आणि ऐरोलीला रात्रपाळी करणारी काही मंडळी मला दिसत आहेत. पहाटे फोन वाजतो तो त्यांचा.

माझे म्हणणे आधीच सांगतो. ती ओळ वाचली की लोक मेमरी मोजायला धावतात, आणि तिथेच वाट चुकते. कोणीतरी काही मागितले आणि मागणी फेटाळली गेली, एवढीच बातमी त्या ओळीत असते. फेटाळणारा कोण, आणि कोणत्या नियमाने, हे तिच्यात नसते. ते आधी शोधायचे, गिगाबाइट नंतर.

युनिक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो प्रोग्रामशी बोलताना कमालीचा तुटक असतो. प्रोग्राम मेमरी मागतो. कर्नल देतो, किंवा एक आकडा परत करतो. तो आकडा आहे १२. त्या बाराचे वाक्य प्रत्येक घराण्याने आपापले केले. जुन्या युनिक्सवर ‘नॉट इनफ कोअर’, कारण त्या काळी मेमरी म्हणजे चुंबकीय कड्यांची जाळी, तिला कोअर म्हणत. लिनक्सवर ‘कॅनॉट ॲलोकेट मेमरी’. सन कंपनीच्या सोलारिसवर ‘नॉट इनफ स्पेस’. हे शेवटचे वाक्य वाचून डिस्कवरच्या जुन्या फायली पुसायला बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचा दोष नाही, वाक्यच तसे आहे. उलट बाजूही आहे: २८ या आकड्याचे वाक्य ‘डिव्हाइसवर जागा उरली नाही’ असे आहे, पण सामायिक मेमरीचे तुकडे किती असावेत याची मर्यादा ओलांडली तरी कर्नल हाच २८ परत करतो. डिस्क अर्धी रिकामी, आणि तक्रार जागेची. तेव्हा पहिली सवय ही, की वाक्यावर विसंबू नये. आकडा पाहावा, आणि तो कोणत्या मागणीला उत्तर म्हणून आला ते पाहावे. लिनक्सवर ‘एसट्रेस’, सोलारिसवर आणि आयबीएमच्या एआयएक्सवर ‘ट्रस’ ही हत्यारे नेमके हेच दाखवतात: मागणी काय होती आणि उत्तर काय आले.

आता थोडे मागे जाऊ. युनिक्सचा जन्म १९६९ मधला, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ज्या पीडीपी-७ यंत्रावर काम सुरू केले त्याची मेमरी होती १८ बिटांचे आठ हजार शब्द. पुढे पीडीपी-११ आले. त्यावर एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, एकावेळी दिसणारा पत्त्यांचा पट्टा ६४ किलोबाइटचा. आपण आज मोबाइलवर ‘सुप्रभात’चे जे चित्र पाठवतो ते यात मावणार नाही. युनिक्सचे छोटे छोटे प्रोग्राम एकमेकांना जोडण्याचे जे कौतुक होते, त्यामागे सौंदर्यदृष्टी होती हे खरे, पण मोठा प्रोग्राम मावतच नव्हता हेही तितकेच खरे. मेमरी कमी पडली की अख्खी प्रोसेस उचलून डिस्कवर ठेवायची आणि पाळी आली की परत आणायची, हा मूळचा स्वॅप. पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीला ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी व्हॅक्स यंत्रासाठी प्रोसेसऐवजी छोटी छोटी पाने उचलण्याची सोय केली. ती १९७९ च्या थ्रीबीएसडीमध्ये बाहेर आली. तेव्हापासून प्रोग्रामला दिसणारी मेमरी आणि यंत्रात खरोखर बसवलेली मेमरी यांची फारकत झाली.

ही फारकत हाच आजच्या विषयाचा उगम आहे. कारण आता कर्नल मेमरी ‘देतो’ तेव्हा तो बहुतेक वेळा फक्त आश्वासन देतो. प्रोग्रामने ते पान प्रत्यक्ष हाताळले की मगच खरी मेमरी त्यामागे लावली जाते.

यात सर्वांत अवघड मागणी फोर्कची. युनिक्समध्ये नवी प्रोसेस जन्माला घालायची जुनी रीत म्हणजे चालू प्रोसेसने स्वतःची हुबेहूब प्रत काढायची. तिला फोर्क म्हणतात. समजा ४० गिगाबाइटचा जावा सर्व्हर चालू आहे आणि त्याला एक चार ओळींची स्क्रिप्ट चालवायची आहे. आधी फोर्क, म्हणजे कागदोपत्री आणखी ४० गिगाबाइट. प्रत्यक्षात पाने दोघांत सामायिक राहतात, कोणी लिहायला गेले तरच वेगळी होतात. आणि प्रत निघाल्यावर क्षणात ती स्वतःला टाकून स्क्रिप्टचे रूप घेते. खर्च जवळजवळ शून्य. पण आश्वासन मात्र ४० गिगाबाइटचे द्यावे लागते. ते द्यायचे की नाही?

इथे युनिक्सच्या घराण्यांत दोन पंथ पडले. सोलारिस सनातनी. जेवढे आश्वासन तेवढी तरतूद, मेमरीत किंवा स्वॅपमध्ये, आधी बाजूला ठेवलीच पाहिजे. नसेल तर नकार. म्हणून सोलारिसवरच्या कित्येक जावा सर्व्हरनी ‘एरर १२, नॉट इनफ स्पेस’ असे म्हणत एखादी क्षुल्लक आज्ञा चालवायला नकार दिला आहे, आणि त्याच क्षणी स्वॅपची डिस्क जवळजवळ कोरी दिसत आहे. यावरचा उपाय व्यवस्थापकाला सांगताना जीभ अडखळते: स्वॅप वाढवा. का? वापर होतो आहे का? नाही, होणारही नाही; फक्त तरतूद म्हणून हवा. पैसे देणाऱ्याला हे पटवणे हे माझ्या मते या व्यवसायातले सर्वांत कठीण काम आहे, कर्नल वाचण्याहून कठीण.

लिनक्सने दुसरा मार्ग धरला. बहुतेक प्रोग्राम मागतात त्याहून फार कमी वापरतात, तेव्हा आश्वासने सढळ हाताने द्यावीत. सगळ्यांनी एकदम वसुली मागितली तर पाहू. त्या ‘पाहू’चे नाव ओओएम, म्हणजे ‘आऊट ऑफ मेमरी’, किलर. मेमरी खरोखर संपली, कुठूनही एक पान मोकळे करता येईना, की कर्नल चालू प्रोसेसमधून एक निवडतो आणि तिला ठार मारतो. २००४ मध्ये या पद्धतीवर कर्नल लिहिणाऱ्यांत चर्चा चालू असताना नेदरलँड्सचे गणिती आंद्रिएस ब्राउवर यांनी एक गोष्ट रचून सांगितली. एका विमान कंपनीला शोध लागतो, की कमी इंधन भरून उडणे स्वस्त पडते. क्वचित इंधन संपतेच, तर त्यासाठी प्रवासी बाहेर फेकण्याची यंत्रणा बसवली आहे. मग कंपनीचे अभियंते चर्चा करू लागतात, की फेकायला प्रवासी कसा निवडावा: सर्वांत वजनदार, की म्हातारा, की कोणीही? आणि पैसे भरून आपले नाव या यादीतून वगळून घेता यावे का? ब्राउवर यांचा रोख स्पष्ट होता, आणि लिनक्सवाल्यांनी ती गोष्ट हसत हसत जपून ठेवली. पद्धत मात्र बदलली नाही. निवडीचे नियम तेवढे सुधारले: २०१० पासून मुख्यतः जो सर्वांत जास्त मेमरी अडवून बसला आहे तो जातो. नाव वगळण्याची सोयही आहे, ती अर्थात यंत्रचालकाच्या हाती.

आता रात्रपाळीवाल्यांसाठी. ओओएम किलर चालला, की कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे ‘डीमेसग’मध्ये, पानभर मजकूर पडतो. बहुतेक जण शेवटची ओळ वाचतात, ‘किल्ड प्रोसेस’, आणि जी मेली तिच्यावर आळ घेतात. जरा वर जा. पहिल्या ओळीत आणखी एक नाव असते: ज्या प्रोसेसच्या मागणीमुळे हा प्रसंग ओढवला तिचे. ती बहुधा निरपराध असते; अगदी वेळ दाखवणारा एखादा छोटा प्रोग्रामही असू शकतो, त्याने चुकीच्या क्षणी एक पान मागितले इतकेच. म्हणजे मागणारी एक, मरणारी दुसरी, आणि मेमरी हळूहळू गिळत गेलेली कदाचित तिसरीच. मधल्या तक्त्यात सगळ्या प्रोसेस आणि त्यांचे आकडे असतात. ते आकडे पानांत असतात, किलोबाइटमध्ये नाहीत. नेहमीच्या इंटेल यंत्रावर एक पान चार किलोबाइटचे. हे विसरले की सगळा हिशेब चौपट चुकतो, आणि ‘सगळ्यांची बेरीज केली तर मेमरी संपायला नकोच होती’ असे गूढ निर्माण होते. ते गूढ नाही, गुणाकार राहिला आहे.

कधी कधी मात्र गुणाकार करूनही बेरीज जमत नाही. माझ्या मते ही या विषयातली सर्वांत रंजक जागा. प्रोसेसची यादी दाखवणारा ‘टॉप’ लावला, सगळ्या प्रोसेस पाहिल्या, आणि ३० गिगाबाइट कोणाच्याच नावावर नाहीत. चोर यादीत नसतो तेव्हा तो बहुधा कर्नलच्या स्वतःच्या खात्यात असतो. एक उदाहरण करून पाहू. मोठ्या डेटाबेसची सामायिक मेमरी समजा ३२ गिगाबाइट आहे. चार किलोबाइटचे एक पान धरले तर पाने झाली सुमारे ८४ लाख. प्रत्येक पानाची नोंद ठेवायला प्रत्येक प्रोसेसच्या पान-तक्त्यात ८ बाइट लागतात, म्हणजे एका प्रोसेसमागे ६४ मेगाबाइट. ही नोंद सामायिक नाही, ज्याची त्याची वेगळी. आता या डेटाबेसला ५०० जण जोडले गेले आणि प्रत्येकाच्या प्रोसेसने सगळी मेमरी चाळली, तर नुसत्या नोंदवह्या झाल्या सुमारे ३१ गिगाबाइट. माल ३२ चा आणि वह्या ३१ च्या! हे ‘टॉप’मध्ये कुठल्याच रांगेत दिसत नाही. ‘प्रॉक’ या कर्नलच्या माहितीच्या डिरेक्टरीतल्या ‘मेमइन्फो’ फायलीत ‘पेजटेबल्स’ अशी एक ओळ असते, तिथे दिसते. उपाय म्हणजे दोन मेगाबाइटची मोठी पाने वापरणे. वह्या एकदम आटोक्यात येतात. पण त्या उपायातही खोच आहे. मोठी पाने आधीच राखून ठेवावी लागतात. राखली, आणि डेटाबेसला ती घेण्याची परवानगी द्यायला विसरलो, तर तो निमूटपणे छोटीच पाने घेतो. राखीव मेमरी रिकामी पडून राहते, दुसऱ्या कोणालाही मिळत नाही, आणि यंत्र अर्ध्या मेमरीवर तडफडते.

यादीत न दिसणारे दुसरेही आहेत. सोलारिसवर ‘टीएमपी’ डिरेक्टरी डिस्कवर नसते, मेमरी आणि स्वॅप यांच्यावर उभी असते. कोणी तिथे चार गिगाबाइटची लॉग फाइल सोडून दिली की तेवढी मेमरी गेली. लिनक्सवर ‘डेव्ह’खालच्या ‘एसएचएम’चेही तसेच. फायलींच्या नावांचा कर्नलने ठेवलेला साठाही फुगतो. तो ‘स्लॅबटॉप’ दाखवते.

आणि याच्या उलट, जे संपलेले नाही ते संपल्यासारखे दिसते. ‘फ्री’ ही आज्ञा दिली की ‘फ्री’ नावाच्या रकान्यात अगदी छोटा आकडा येतो, आणि नवा माणूस घाबरतो. कर्नल रिकाम्या मेमरीत डिस्कवरून वाचलेल्या फायली साठवतो, कारण रिकामी मेमरी कोणाच्याच उपयोगाची नाही. गरज पडली की त्यातला बराचसा साठा तो लगेच सोडून देतो. हा गैरसमज इतका जुना आणि चिवट, की २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ आवृत्तीत ‘अव्हेलेबल’ असा वेगळा अंदाज देण्याची सोय करावी लागली. त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरी अजून ‘फ्री’च्या रकान्यावर धोक्याची घंटा बांधलेल्या कचेऱ्या आहेत. ती घंटा रोज वाजते, म्हणून ती कोणी ऐकत नाही.

खरा दाब ओळखायचा तर हालचाल पाहावी लागते. ‘व्हीएमस्टॅट’ दर काही सेकंदांनी लावून ठेवावे आणि स्वॅपमध्ये जाणारे-येणारे दोन रकाने पाहावेत. स्वॅप भरलेला असणे हा काही आजार नाही. जुनी निरुपयोगी पाने तिकडे गेली असतील. पण दोन्ही रकाने सतत धावत असतील तर यंत्र काम करत नाही, नुसती पाने हलवत आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच या अवस्थेची कारणे मांडली होती. तिला थ्रॅशिंग म्हणतात. एका प्रोसेसला पाने द्यायची म्हणून दुसरीची काढायची, की लगेच दुसरी ती परत मागते. अशा वेळी ‘१२’ हा आकडा येतच नाही. नकार नाही, मरण नाही, नुसते लटकणे. माझे मत विचाराल तर यापेक्षा स्पष्ट नकार परवडला. तो निदान लॉगमध्ये सापडतो. फेसबुकच्या योहानेस वायनर यांनी लिहिलेली आणि २०१८ च्या डिसेंबरात लिनक्समध्ये आलेली ‘प्रेशर’ची मोजणी नेमकी हे सांगते: मेमरीसाठी थांबून राहण्यात कामाचा किती टक्के वेळ वाया गेला. मेमरी किती भरली हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी शहाणपणाचा आहे.

आता नकार देणाऱ्यांकडे परत येऊ, कारण कर्नल हा काही एकटाच नाही. आयबीएमच्या एआयएक्सचे उदाहरण घ्या. त्यावर ३२ बिटांच्या प्रोसेसचा पत्त्यांचा पट्टा २५६ मेगाबाइटच्या १६ तुकड्यांत विभागलेला असतो. नेहमीच्या मांडणीत प्रोग्रामचा डेटा आणि स्टॅक यांना मिळून त्यातला एकच तुकडा. यंत्रात ६४ गिगाबाइट असोत की सहाशे, या प्रोसेसची भिंत २५६ मेगाबाइटवर. त्याच्याही आधी वापरकर्त्याची मर्यादा आडवी येते, ती मुळात १२८ मेगाबाइटची. ती उठवली की माणूस खूश होतो आणि दुसऱ्या आठवड्यात पुढच्या भिंतीवर आदळतो. मग ‘मॅक्सडेटा’ सांगून आठ तुकड्यांपर्यंत, म्हणजे दोन गिगाबाइटपर्यंत पट्टा मोकळा करायचा. या सगळ्यात नवीन मेमरी विकत घेतल्याने एका बाइटचाही फरक पडत नाही.

वापरकर्त्याच्या मर्यादांचा, म्हणजे ‘यूलिमिट’चा, एक खास गुण आहे: त्या वारसाहक्काने मिळतात. प्रोसेसला ज्याने जन्म दिला त्याच्या मर्यादा तिला. म्हणून ‘मी हाताने चालवला तर चालतो, क्रॉनमधून पडतो’ ही तक्रार ऐकली की गोंधळायचे कारण नाही. तुमच्या लॉगिनच्या मर्यादा वेगळ्या, ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनच्या वेगळ्या. स्वतःच्या खिडकीत ‘यूलिमिट’ पाहून काही सिद्ध होत नाही. लिनक्सवर त्या चालू प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘लिमिट्स’ नावाची फाइल असते, ती वाचावी.

जावाचा ‘आऊट ऑफ मेमरी’ हा तर नावाचाच घोटाळा. त्याच नावाखाली येणारी एक तक्रार म्हणते, की नवा थ्रेड तयार करता येत नाही. लोक लगेच जावाची हीप, म्हणजे प्रोग्रामच्या डेटासाठीची मेमरी, वाढवतात. खरे कारण पुष्कळदा एवढेच, की त्या वापरकर्त्याला किती प्रोसेस आणि थ्रेड चालवता येतील त्याची मर्यादा संपली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीत ती सामान्य वापरकर्त्याला १,०२४ होती. आणि ३२ बिटी जावावर हीप वाढवली, तर थ्रेडना उरणारी जागा आणखी कमी होते. तसाच आणखी एक नकार: एका प्रोसेसच्या मेमरीचे वेगवेगळे तुकडे किती असावेत, याची लिनक्सवरची मूळ मर्यादा ६५,५३०. ती ओलांडली तर मेमरी ढीगभर मोकळी असतानाही उत्तर १२ च. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेने ही मर्यादा २,६२,१४४ करून मागितली ती उगीच नाही.

प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारे कंटेनर आल्यापासून नकार देणारा आणखी एक वाढला. लिनक्समध्ये प्रोसेसचे गट करून प्रत्येक गटाला मेमरीची वेगळी मर्यादा घालता येते. हे काम करणारा भाग २००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीत आला आणि तो लिहिण्यात आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स केंद्रातले बलबीर सिंग पुढे होते. आज जगभर जे कंटेनर चालतात त्यांच्या पायाशी हे काम आहे; आपल्याकडे त्याची फारशी चर्चा मी ऐकलेली नाही. गटाची मर्यादा भरली की गटातल्याच कोणाचा तरी बळी जातो, बाहेर यंत्रावर शंभर गिगाबाइट मोकळे असले तरी. मागे उरतो तो प्रोसेस संपल्याचा आकडा, १३७. १२८ अधिक ९. नऊ हा ठार मारण्याच्या सिग्नलचा क्रमांक. प्रोग्रामच्या स्वतःच्या लॉगमध्ये अक्षरही नसते, कारण त्याला बोलायला वेळच मिळालेला नाही.

आता समजा गोष्ट अगदी हाताबाहेर गेली आणि फोर्कच होईना. ‘पीएस’ चालवायला फोर्क लागतो. ‘टॉप’ला लागतो. साध्या ‘एलएस’लाही लागतो. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अमेरिकेतल्या शेकडो यंत्रचालकांनी हे अनुभवले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर सुटला होता. बर्कली युनिक्सच्या व्हॅक्स आणि सन यंत्रांत शिरून तो स्वतःच्या प्रती काढत राहिला. काही यंत्रांचा स्वॅप संपला, काहींचे प्रोसेस टेबल भरले. युटा विद्यापीठातल्या एका व्हॅक्सची नोंद डॉन सीली यांनी लिहून ठेवली आहे: रात्री ८:४९ ला लागण, १०:०१ ला यंत्रावरचा भार १६, आणि १०:०६ ला नवी एकही प्रोसेस सुरू करता येईना. चालकाने वर्म मारले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि ११:२१ ला भार ३७.

अशा वेळी आधीपासून उघडी असलेली एखादी शेल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, ही एकमेव मालमत्ता. ती जपावी. तिच्या पोटातच असलेल्या आज्ञांना फोर्क लागत नाही. ‘एको’ आणि पुढे तारका लिहिली की फायलींची यादी मिळते, ‘एलएस’ शिवाय. ‘प्रॉक’ डिरेक्टरीवर तेच केले की चालू प्रोसेसचे क्रमांक मिळतात. ‘रीड’चे चक्र लावून एखाद्या क्रमांकाची ‘स्टेटस’ फाइल ओळीओळीने वाचता येते. पाइप मात्र वापरायचा नाही, त्याला फोर्क लागतो. आणि ‘किल’ ही आज्ञा बॅश शेलच्या पोटात मुद्दाम ठेवलेली आहे. प्रोसेसची मर्यादा भरली असतानाही मारता यावे, हे कारण तिच्याच मदतीच्या मजकुरात दिले आहे. ज्याने ते तिथे ठेवले त्याने अशी एखादी रात्र काढलेली असणार, असा माझा कयास.

पण बहुतेक वेळा एवढे नाट्य नसते. हळू गळती असते, आणि ती कामाच्या प्रोग्राममध्येही नसते. २२ ऑक्टोबर २०१२ ला उत्तर व्हर्जिनियातली ॲमेझॉनची सेवा अडखळली आणि तिच्यावर उभी असलेली अनेक नावाजलेली संकेतस्थळे बसली. कंपनीने नंतर कारण सविस्तर जाहीर केले, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. आकडेवारी गोळा करणारा एक सर्व्हर आदल्या आठवड्यात बिघडला, म्हणून बदलला. नवा पत्ता यंत्रांच्या पत्त्यांच्या वहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, घातला, पण तो सगळीकडे पोचला नाही. त्यामुळे साठवणुकीच्या काही सर्व्हरवरचा आकडेवारी पाठवणारा छोटा प्रोग्राम जुन्याच, मेलेल्या पत्त्यावर दार ठोठावत राहिला, आणि तसे करताना थोडी थोडी मेमरी गळत राहिली. आकडेवारी आली नाही तरी चालेल अशीच रचना होती, म्हणून कोणाला काही कळले नाही. मेमरीवर देखरेख होती, पण हे सर्व्हर ग्राहकांच्या डेटासाठी नेहमीच सगळी मेमरी कमीजास्त वापरत असतात, तेव्हा एकूण आकड्यावर घंटा बांधणे अवघड होते. सोमवार उजाडेपर्यंत गळती एवढी वाढली, की मुख्य कामालाच मेमरी उरली नाही. म्हणजे देखरेखीसाठी ठेवलेल्यानेच घर बुडवले. त्यांनी जाहीर केलेल्या उपायांत दोन महत्त्वाचे होते: मेमरी प्रत्येक प्रोसेसची वेगळी पाहायची, आणि दुय्यम कामाच्या प्रोसेसना वरची मर्यादा घालायची. मेमरी वाढवली असती तर हाच प्रसंग सोमवारऐवजी नंतरच्या एखाद्या दिवशी घडला असता.

याचा अर्थ मेमरी कधीच विकत घेऊ नये असा नाही. कधी कधी ती खरोखरच कमी असते आणि मग घ्यावी, त्यात कमीपणा नाही. माझी तक्रार आहे ती ‘रीस्टार्ट मारा, मग बघू’ या रिवाजाबद्दल. रीस्टार्टनंतर बघायला काही उरत नाही. आधी ‘मेमइन्फो’ची प्रत, सगळ्या प्रोसेसची यादी, डीमेसग आणि संशयित प्रोसेसच्या मर्यादा, एवढे फायलीत उतरवून घ्यायला दोन मिनिटे लागतात. आणि ती फाइल ‘टीएमपी’त ठेवू नये, हे आता सांगायला नको.

शेवटी एक न सुटणारे भांडण तुमच्यापुढे ठेवतो. लिनक्सच्या आश्वासनांचे धोरण एका कळीवर आहे: शून्य, एक किंवा दोन. पोस्टग्रेस डेटाबेसचे दस्तऐवज सुचवतात, की दोन ठेवा. तरतुदीपलीकडे आश्वासन नको, डेटाबेसची एक प्रोसेस मारली गेली तर सगळ्या जोडण्या तोडून पुन्हा सुरू करावे लागते, त्यापेक्षा नकार बरा. मेमरीत साठा ठेवणारा रेडिस सुरू होतानाच लॉगमध्ये बजावतो, की एक ठेवा, म्हणजे आश्वासन कधीच नाकारू नका. त्याला साठा डिस्कवर उतरवायला फोर्क करावा लागतो, आणि आश्वासन नाकारले तर तो साठवणूकच करू शकत नाही. दोन्ही बरोबर आहेत. आणि दोन्ही एकाच यंत्रावर बसवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दोन ठेवले आणि बाकी काही बदलले नाही, तर आश्वासनांची कमाल होते स्वॅप अधिक निम्मी मेमरी. ६४ गिगाबाइटच्या, स्वॅप नसलेल्या यंत्रावर ३२ गिगाबाइटनंतर नकार सुरू. एक ठेवले तर ओओएम किलरशी गाठ. मी स्वतः ही दोन दोन यंत्रांवर वेगळी करतो, आणि ते शक्य नसेल तिथे एक ठेवून डेटाबेसच्या मुख्य प्रोसेसला उणे हजार गुण देतो, म्हणजे तिचे नाव किलरच्या यादीतून बाद. पोस्टग्रेसचे दस्तऐवजही मुख्य प्रोसेस अशी वाचवण्याची रीत सांगतात, आणि तिच्या पोटच्या प्रोसेसना मात्र पुन्हा शून्यावर आणतात. यावर इथल्या डेटाबेसवाल्यांचे मत वेगळे असणार. दोन हात आत्ताच वर आलेले दिसत आहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासूनच करू.